पान मोकळे, शेंडा कैदेत

उज्जैनच्या रिक्षावाल्याला ‘माधव नगर’ म्हटले की तो क्षणभर थांबतो, मग म्हणतो, “अच्छा, फ्रीगंज!” शिंद्यांच्या घराण्यातल्या माधवरावांचे नाव पोलीस ठाण्याच्या आणि सरकारी रुग्णालयाच्या पाटीवर आहे, लोकांच्या तोंडी मात्र फ्रीगंजच. टॉवर चौक, कापडाची आणि सोन्याची दुकाने, संध्याकाळी चाटवाल्यांभोवती दाटी. आणि पूल ओलांडला की जुने शहर, क्षिप्रा, महाकाल. माझी आत्या लग्न होऊन या वस्तीत आली त्याला पन्नासच्या वर वर्षे झाली. इथल्या जुन्या मराठी घरांसारखेच तिचे घर आहे. देवघरात गणपती आणि बाळकृष्ण, भिंतीवर महाकालाची तसबीर, आणि मराठी वाक्याला अधूनमधून हिंदी शेपूट.

२०२५ च्या महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, मी तिच्याकडे होते. दुपारी शेजारच्या काकू वाटी झाकून घेऊन आल्या. वाटीत हिरवीगार, ओलसर गोळी होती. आत्याने ती ठंडाईच्या दुधात कालवायला घेतली. ज्या घरात तंबाखूची डबी कधी आली नाही, जिथे दारूचे नाव काढले तरी भुवया उंचावतात, तिथे हे इतक्या सहज चालले होते की मला राहवेना.

“आत्या, ही भांग ना गं?”

“मग? बाबांचा प्रसाद आहे. तुला नको असेल तर साधं दूध ठेवलंय.”

महाकालाच्या लिंगाला भांगेचा शृंगार होतो. भांग आणि सुका मेवा यांनी देवाचा मुखवटा साकारतो आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून तो पाहतात. ज्या देवळात हा शृंगार होतो ते आजच्या रूपात उभे केले ते अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. म्हणजे मराठी माणसाचा या पानाशी संबंध इथे तरी आजचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी आतेभावाला घेऊन मी देवळाच्या बाजूच्या भांगेच्या दुकानात गेले. मध्य प्रदेशात भांगेची दुकाने अबकारी खात्याच्या परवान्याने चालतात. ठेका जातो, शुल्क भरले जाते, हिशेब ठेवला जातो. आत एक माणूस पातेल्यात भिजवलेली पाने धूत होता. पहिले पाणी गडद, शेवाळी. ते ओतले, पुन्हा पाणी घातले, पुन्हा चोळले, पुन्हा ओतले. पाचव्या-सहाव्या वेळी पाणी जवळजवळ नितळ आले तेव्हा त्याने पाने मुठीत दाबून पिळली आणि पाट्यावर घेतली. काळी मिरी, बडीशेप, मगज, खसखस. वरवंटा पुढे-मागे, पुढे-मागे, मधूनच ओंजळीतून पाण्याचा शिपका. पाल्याचा चोथा हळूहळू लोण्यासारखा झाला.

“मेहनत सारी धोने की है,” तो म्हणाला. मी विचारले, हीच वनस्पती ना, जिचा गांजा होतो? त्याने हात थांबवला नाही. “पौधा एक ही है, दीदी. हमारे पास पत्ती आती है. फूल का काम यहाँ नहीं.”

एवढ्या एका वाक्यात आपला कायदा सामावलेला आहे. अंमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने, गांजाची व्याख्या केली आहे ती झाडाच्या फुलोऱ्याची, फळ धरलेल्या शेंड्याची. शेंडा सोबत नसेल तर बी आणि पाने त्या व्याख्येबाहेर. राळेपासून होणारा चरस आत, पानांची भांग बाहेर. बाहेर राहिलेल्या भांगेचे काय करायचे ते राज्यांनी ठरवायचे. मध्य प्रदेशाने परवाना दिला. महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते, म्हणून आत्याच्या वाटीतली गोळी माझ्या घरी आणली तर तो गुन्हा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये २९ किलो भांग सापडलेल्या एका माणसाला जामीन देताना स्पष्ट केले की भांगेवर एनडीपीएसमध्ये बंदी नाही, आणि त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाचा आधार घेतला.

एकाच फांदीवर खालचे पान मोकळे आणि वरचा शेंडा कैदेत. मी ज्या प्रश्नासाठी उज्जैनला गेले तो हाच: ही रेघ बदलावी असे ज्यांना वाटते त्यांची चळवळ या देशात का उभी राहिली नाही, आणि राहायची तर ती कुठून?

*

रेघ ओढली कशी गेली ते आधी पाहू.

१९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा आणि चरस अफूच्या पंक्तीला बसवले गेले. ज्या देशांत त्यांचा रिवाज होता त्यांना तो मोडायला २५ वर्षांची मुदत मिळाली. शेंड्याविना असलेले पान करारातही सुटले होते. आपल्या कायद्याची व्याख्या जवळजवळ तिथूनच उतरलेली आहे. मुदत संपत आली तसा १९८५ च्या २३ ऑगस्टला हा कायदा विधेयक म्हणून लोकसभेत आला, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. विधेयक मांडल्यापासून सहीपर्यंत महिनाही लागला नाही. शेकडो वर्षांच्या रिवाजाला गुन्हा ठरवताना गावात कुणाला विचारले गेले नाही.

त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी विचारले गेले होते, आणि तेही परक्या सरकारने. लंडनच्या पार्लमेंटात दारूबंदीवाल्या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला म्हणून १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ. कमिशनने ११९३ साक्षी गोळा केल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, सावकार, पिकवणारे, विकणारे, ओढणारे. इंदूरच्या पलीकडे निमाडात खंडव्याचा गांजा त्या काळी परवान्याने पिकत असे. ‘गांजाने वेड लागते’ हा समज तपासायला कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून पाहिल्या, तेव्हा आढळले की वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा पोलिसांनी पाठवलेल्या कागदावरूनच उतरवलेला असे. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. बंदी घालू नये, कर आणि परवान्याने ताब्यात ठेवावे. सरकारला महसूल हवा होता हे खरेच. पण अहवालाचे ते जाड खंड वाचताना मला निष्कर्षापेक्षा पद्धत मोठी वाटते. आधी माणसांकडे जायचे, ऐकायचे, नोंद तपासायची, मग बोलायचे. ज्यांना आज कायदा बदलायचा आहे त्यांनी पहिली गोष्ट तिथून उचलावी.

*

आता कायद्याखाली कोण येते ते.

माझ्या शहरात आमच्या घराला रंग देणारा एक मुलगा होता. दिवसभर परांचीवर उभा राहून छत घासायचा. रात्री मित्रांबरोबर चिलीम ओढायचा. एका संध्याकाळी त्याच्या खिशात पुडी सापडली. गांजाची ‘अल्प मात्रा’ कायद्याने एक किलोपर्यंत आहे. याच्याकडे मूठभरही नव्हता. अल्प मात्रा बाळगण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसत्या सेवनाला सहा महिने. दोन रात्री कोठडी झाली, मग तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला रोजी बुडे. शेवटी कुणीतरी सांगितले, कबूल कर, दंड भर, सुटशील. त्याने कबूल केले, आईने उसने आणलेले पैसे भरले आणि तो सुटला. दीड वर्षाने त्याला मस्कतला रंगकामाची नोकरी मिळत होती. चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला गेला. कबुली म्हणजे दोषसिद्धी, हे तेव्हा त्याला कळले.

हा एकट्याचा अपघात असता तर मी तो इथे लिहिला नसता. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने मुंबईतल्या न्यायालयांमधली २०१७ आणि २०१८ सालची दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली. जवळपास सगळी स्वतःच्या सेवनाची होती. ८७ टक्के प्रकरणांत पदार्थ होता गांजा. पकडलेल्यांत मोठा भाग रोजंदारीवरच्या आणि झोपडपट्टीत, फुटपाथवर राहणाऱ्या लोकांचा. माणसे कबुली देतात, दंड भरतात, निघून जातात. त्यांच्या मागे कुणी कॅमेरा घेऊन धावत नाही. टीव्हीवर रात्रभर चर्चा होते ती सिनेमातल्या एखाद्या नावाची, आणि त्यातून लोकांचा समज होतो की हा श्रीमंतांच्या पोरांचा प्रश्न आहे.

दुसरे टोक सातपुड्याचे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून, कापसाच्या किंवा तुरीच्या ओळींआड गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. पोलीस झाडे उपटतात, ढीग रचतात, फोटो होतो. पंचनाम्यात वजन लिहिले जाते आणि खटल्याचे भवितव्य त्या वजनावर ठरते. २० किलोच्या वर गेले की ‘व्यावसायिक मात्रा’: किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि कमीत कमी एक लाखाचा दंड. शिवाय कलम ३७ असे की आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे, हे न्यायालयाला पटल्याखेरीज जामीन नाही. उपटलेल्या ओल्या झाडात मूळ, खोड, पाने, चिकटलेली माती सारे असते. गांजा म्हणजे त्यातला फक्त शेंडा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांनी एका आरोपीला जामीन देताना नेमके हेच अधोरेखित केले की पाने आणि बी शेंड्यासोबत नसतील तर तो गांजा नव्हे, तेव्हा जप्त मालात फुलोरा किती हे पाहायला हवे. हा मुद्दा मांडायला चांगला वकील लागतो. पाड्यावरच्या माणसाला वकील मिळेपर्यंत एक पावसाळा तुरुंगात गेलेला असतो.

आणि हेच सरकार, हाच कायदा. उज्जैनहून उत्तरेला मंदसौर-नीमचकडे जा. तिथे अफूची शेते आहेत, उघड्यावर, पट्ट्याची. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो दरवर्षी शेतकऱ्यांना पट्टा देतो, शेत मोजतो, माल सरकारजमा होतो, नीमचला कारखाना आहे. ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला. चोरवाटा तिथेही आहेत, डोडाचुऱ्याचे, म्हणजे बोंडांच्या भुशाचे, खटले तिथेही होतात. तरी अफूसारखा जहाल पदार्थ लाखो बोंडांतून गोळा करण्याची यंत्रणा माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गांजाला परवाना देणे व्यवहारात अशक्य आहे असे जेव्हा भोपाळचा किंवा मुंबईचा अधिकारी म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ती पांढरी फुले येतात.

*

कायदा बदलावा असे म्हणणारे लोक या देशात आहेत, आणि धीराचे आहेत. बंगळुरूतून ‘ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट’ सुरू झाली; तिने सभा घेतल्या, रुग्णांना बोलते केले, २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कायद्याच्या कलमांनाच आव्हान दिले. ओडिशातल्या ढेंकनाळचे तेव्हाचे खासदार तथागत सत्पथी उघडपणे बोलले. पटियाळ्याचे खासदार आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयक तयार केले. पंजाबात हेरॉइनने पोरे मरताना पाहिलेला डॉक्टर सौम्य आणि जहाल नशेत फरक करा म्हणत होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते. मनेका गांधी २०१७ मध्ये मंत्री असताना औषधी वापराच्या बाजूने बोलल्या. मुंबईत तरुणांनी २०१३ मध्ये ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ काढली, जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेबरोबर संशोधन सुरू केले.

तरीही याला चळवळ म्हणायला माझी जीभ अडखळते. चळवळ म्हटली की मला चावडीवरची बैठक आठवते, पायी निघालेला मोर्चा, तालुक्याच्या कचेरीवर दिलेले निवेदन, खेटे घालणाऱ्या बाया. इथे याचिका आहेत, परिषदा आहेत, टी-शर्ट आहेत, कंपन्या आहेत. रंगाऱ्याची आई नाही. शिरपूरचा पाडा नाही. आणि बाजार मात्र लोकांच्या पुढे निघून गेला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बियांना, बियांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून मान्यता दिली, शहरांतल्या दुकानांत सुंदर बरण्या आल्या. बीचा व्यापार सन्मानाचा झाला, तेव्हा शेंड्यापायी आत असलेल्यांची आठवण त्या बरणीवर कुणी छापली नाही. याचा मला राग आहे, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

एकदा मात्र गावातून आवाज आला होता. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. कुठल्याच पिकाला भाव नाही, शेती तोट्यात आहे, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी आहे असे समजून १६ पासून लागवड करीन. अर्ज पोलिसांकडे गेला, पोलिसांनी प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले, वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून छापले. त्या अर्जात कांद्या-टोमॅटोच्या भावाचे जे रडगाणे होते ते कुणी वाचले? ज्या दिवशी अशा अर्जावर गावातल्या दोनशे जणांच्या सह्या असतील त्या दिवशी त्याला गंमत म्हणता येणार नाही. तो माणूस एकटा पडला, कारण त्याच्या बाजूला उभे राहायचे तर काय मागायचे हे कुणी गावात बसून ठरवलेलेच नव्हते.

मध्य प्रदेशातही एक संधी येऊन गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमलनाथ सरकारचे विधिमंत्री पी. सी. शर्मा यांनी औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी भांगेच्या शेतीला परवानगी देण्याचा विचार जाहीर केला. विरोधकांनी ‘पंजाब करणार का’ म्हणून झोड उठवली आणि घोषणा विरून गेली. तिच्या बाजूने बोलायला एकही गाव रस्त्यावर आले नाही, कारण कुणा गावाने ती मागितलेलीच नव्हती.

हिमाचलात थोडे वेगळे घडले. तिथे २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समिती नेमली, ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, पंचायतीच्या लोकांशी बोलली. सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने औषधी-औद्योगिक लागवडीचा ठराव केला. कायद्याच्या कलम १० ने राज्यांना औषधी आणि शास्त्रीय कारणासाठी परवानगीचा अधिकार दिलाच आहे, कलम १४ ने धागा आणि बी यांसाठी वेगळी सोय आहे. उत्तराखंडाने त्यानुसार २०१८ मध्येच परवाना दिला होता. म्हणजे दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज पहिल्या टप्प्यावर तरी नाही. राजधानी भोपाळ असो की मुंबई, आमदाराच्या दारात जाता येते.

*

बाहेरच्या देशांत हे कुणी घडवले ते पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये लोकांनी मतदानाने औषधी गांजाला मान्यता दिली, त्याच्या मुळाशी सॅन फ्रान्सिस्कोचे एड्सचे रुग्ण होते. औषधांनी अन्न पोटात ठरत नव्हते. गांजाने भूक लागे. डेनिस पेरॉन नावाचा कार्यकर्ता, ज्याचा जोडीदार एड्सने गेला, आणि मेरी जेन रॅथबन नावाची म्हातारी, जी इस्पितळात सेवा करायची आणि रुग्णांसाठी गांजाचे केक भाजायची. तिला अनेकदा अटक झाली. आजीला बेड्या घातलेल्या पाहून शहराचे मन पालटले. दक्षिण आफ्रिकेत २०१८ चा संविधान न्यायालयाचा निकाल आला त्यामागे रास्ताफारी पंथाच्या गॅरेथ प्रिन्स यांची कित्येक वर्षांची झुंज होती. गांजापायी त्यांना वकिलीची सनद मिळाली नव्हती. ज्याला चटका बसला तो पुढे आला, मग बाकीचे आले.

औषधाची बाजू आपल्याकडे तर घरचीच आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये वैद्यांना, हकिमांना विचारून गांजाचे प्रयोग केले, त्यात आकडी येणाऱ्या तान्ह्या बाळाची हकिकत आहे. बरोबर त्याच दुखण्यावर, मुलांच्या दुर्धर आकडीवर, या वनस्पतीतल्या द्रव्याच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती जून २०१८ मध्ये. मधल्या १७९ वर्षांत किती आयांनी आकडीतले मूल मांडीवर धरले असेल. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला. भारताने बाजूने मत दिले. परदेशातल्या सभागृहात जे मानले ते शिरपूरच्या न्यायालयापर्यंत पोचायला हवे.

पण उलटाही धडा आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये एका फटक्यात सगळे मोकळे केले, नियम मागाहून करू म्हणाले. गल्लोगल्ली दुकाने झाली, पोरांच्या हाती पडू लागले, आणि २०२५ च्या जूनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर परत यावे लागले. आधी नियम, मग दुकान. भांगेच्या ठेक्याने उज्जैनला हे केव्हाचे ठाऊक आहे.

*

इथे मला अशा लोकांशी बोलायचे आहे ज्यांना हा लेख वाचून धडकी भरली असेल. तुमची भीती खरी आहे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती, अभ्यास, उभारी बिघडते. ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे त्यांच्यात तो उसळू शकतो. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख निघाले, त्यांत भांगवाले अधिक. पण व्यसनाच्या गर्तेत गेलेल्यांचे प्रमाण गांजा-चरसवाल्यांत जास्त. सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज आहे. ‘निसर्गाने दिले ते निरुपद्रवी’ म्हणणारा कार्यकर्ता मला चालणार नाही. तो हरेलच, आणि हरताना इतरांनाही घेऊन बुडेल.

प्रश्न असा की या ७२ लाखांना डॉक्टर हवा की फौजदार? मराठी समाजाने याचे उत्तर १९८६ मध्ये दिले आहे. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात त्या वर्षी २९ ऑगस्टला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी गर्दमध्ये बुडालेली पोरे पाहिली होती, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसा उभा केला. ज्या वर्षी सरकारने व्यसनाला गुन्हा म्हटले त्याच्या पुढच्याच वर्षी ही माणसे म्हणाली, हा आजार आहे, आत ये, बस, बोल. एनडीपीएसचे टीकाकार सांगतात की गांजा दुर्मिळ झाला तेव्हा ब्राउन शुगरला रान मोकळे मिळाले. ते कितपत खरे यावर वाद घालता येईल; मुक्तांगणच्या दारातून आत आलेल्यांबद्दल वाद नाही. कायद्यातही कलम ६४अ आहे, उपचाराला स्वतःहून जाणाऱ्याला खटल्यातून माफी देणारे. किती मोहल्ल्यांना ते ठाऊक आहे?

म्हणून मला वाटते, या चळवळीचा पहिला मित्र व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता असायला हवा, आणि दुसरी बाई. महाराष्ट्रात दारूच्या दुकानाविरुद्ध गावातल्या निम्म्याहून अधिक महिलांनी मतदानात ‘आडवी बाटली’ केली की दुकान बंद होते. ही पद्धत बायांनी भांडून मिळवली. ती गांजाच्या बाजूची नाही हे मला कळते. पण नशेबद्दल निर्णय घेणारी जागा गाव असावी, हे तत्त्व तिच्यातच आहे. शेंड्याला उद्या परवाना मिळाला तर त्या दुकानालाही ‘उभी की आडवी’ विचारायचा हक्क बायांना हवा, आणि हे आजच मागणीच्या कागदावर लिहिलेले हवे. ते लिहिले तर रंगाऱ्याची आई सही करेल, एरवी नाही.

मागणीही मग लहान आणि नेमकी राहील. स्वतःपुरता बाळगणाऱ्याला कोठडी नको, कोर्ट नको. मदत हवी असेल तर मदत. ओल्या झाडाचे वजन करून माणसाला वीस वर्षांच्या दारात उभे करू नका, शेंडा वेगळा करून मोजा. जुन्या कबुल्यांचा डाग पुसा. औषध हवे त्या रुग्णाला ते सरळ मार्गाने मिळू द्या. शेतीचा प्रश्न त्यानंतर, आणि ती लहान शेतकऱ्यांना पट्ट्याने, कंपन्यांना रान मोकळे करून नव्हे.

*

माधव नगरात असा मोर्चा निघालेला नाही. मी त्या चार दिवसांत वस्तीतल्या दहा-बारा जणांशी बोलले. भांगेबद्दल सगळे मोकळेपणाने बोलत, गांजाचे नाव काढले की आवाज खाली येई. वकिलीतून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, सिंहस्थात साधूच्या चिलमीला लोक हात जोडतात, आणि तीच चिलीम रिक्षावाल्याच्या हातात दिसली तर फोन करतात. पुढचा सिंहस्थ २०२८ ला आहे. काका म्हणाले, त्याआधी हा विषय इथे काढायला हवा, इथे काढला तर देशात ऐकू जाईल. मी विचारले, तुम्ही काढाल? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, जुन्या खटल्यांची टिपणे आहेत माझ्याकडे, ती शोधून ठेवतो.

मी परतल्यावर एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून राज्य सरकारने उज्जैनसह धर्मस्थळांच्या १९ ठिकाणची दारूची दुकाने बंद केली. आत्या फोनवर खूश होती. मी तिला विचारले, दारू बंद, भांग चालू, गांज्याला तुरुंग, हे तुला जुळतं का गं? ती म्हणाली, “तुझ्या त्या रंगवाल्या पोराचं सांगितलंस ना, तेव्हापासून झोप नीट लागत नाही बघ. त्याच्या आईनं पैसे कुणाकडून आणले होते?”

तो प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला फोन केला. तो आता गावाकडेच असतो, लग्न झाले आहे, रंगाचीच कामे करतो. म्हटले, तुझी गोष्ट लिहू का? म्हणाला, लिहा, नाव नको. पैसे मामाकडून आणले होते, फेडायला दोन वर्षे लागली. मग मी विचारले, कधी अशा लोकांची बैठक झाली, वकील आले, डॉक्टर आले, तर तू येऊन बोलशील का?

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, कुठेतरी लहान मूल रडत होते. बराच वेळ त्याने उत्तर दिले नाही. मला वाटले फोन कटला.

“ताई,” तो म्हणाला, “अजून कोण कोण येणारे?”